०.११२ : कार्टर रोडचा अपघात आणि रक्ताचा पुरावा

शनिवारची रात्र संपून रविवार उजाडायचा होता. १२ नोव्हेंबर २००६, पहाटेचे पावणेचार-चार. वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर मजूर कुटुंबं झोपली होती. रस्त्याच्या कामावरची माणसं. दिवसभर तिथेच राबायची, रात्री तिथेच अंग टाकायची. एक टोयोटा कोरोला भरधाव आली, फुटपाथवर चढली आणि त्यांच्या अंगावरून गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. गाडी चालवणारा विशीतला तरुण होता, आणि गाडीत तो एकटा नव्हता. त्याचं रक्त तपासणीला गेलं. सी.ए. रिपोर्टमध्ये, म्हणजे रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात, आकडा आला : ०.११२ टक्के.

या खटल्यातलं रक्त मी काढलेलं नाही. माझा त्याच्याशी कसलाही संबंध नाही. पण डॉक्टर म्हणून कॅज्युअल्टीत बरीच वर्षं रात्रपाळ्या केल्या आणि पोलिसांनी दंडाला धरून आणलेल्या कितीतरी जणांचं रक्त या हातांनी काढलं. म्हणून हा खटला मी वकिलांपेक्षा वेगळ्या नजरेने वाचते. वकील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून सुरुवात करतात, मी सिरिंजपासून करते. कायद्याच्या पुस्तकांत हे प्रकरण आरोपीच्या नावाने ओळखलं जातं. इथे त्या नावाची गरज नाही, मी ‘चालक’ एवढंच म्हणेन.

०.११२ म्हणजे किती

०.११२ टक्के म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमातली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे मर्यादेच्या पावणेचारपट.

आकडा पेगांत मांडला की लवकर कळतो. आपल्याकडच्या व्हिस्कीत किंवा रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ३० मिलिलिटरच्या एका छोट्या पेगमध्ये जेमतेम १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं. सत्तर किलोच्या पुरुषाने उपाशीपोटी ६० मिलिलिटरचा एक लार्ज घेतला, तर रक्तातलं प्रमाण चाळिशीच्या घरात जाऊ शकतं. ‘एकच तर घेतलाय’ म्हणणारा माणूस त्या एकातच कायद्याची रेष ओलांडून गेलेला असू शकतो. ६५० मिलिलिटरची साधी बिअरची बाटली याच्याही थोडी पुढे जाते आणि स्ट्राँग बिअर तर बरीच पुढे. ११२ वर पोचायला त्याच सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात एकाच वेळी ५० ग्रॅमच्या वर अल्कोहोल असावं लागतं. म्हणजे पाच छोटे पेग, तेही यकृताने अजून काहीच जाळलेलं नाही असं धरून.

आणि यकृत स्वस्थ बसत नाही. ते दर तासाला, १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण १५ मिलिग्रॅमच्या वेगाने रक्तातलं अल्कोहोल कमी करत असतं. कोणाचं थोडं मंद, कोणाचं थोडं जलद. त्यामुळे रिपोर्टातला आकडा हा रक्त काढलं त्या क्षणाचा असतो, धडक बसली त्या क्षणाचा नसतो. नमुना दोन तासांनी घेतला असेल तर अपघाताच्या वेळचा आकडा बहुतेक वेळा त्याहून मोठा असतो. ‘बहुतेक वेळा’ असं जपून म्हणते, कारण शेवटचा घोट नुकताच घेतला असेल तर अल्कोहोल रक्तात अजून चढत असतं आणि वर पोचायला त्याला अर्धा-पाऊण तास, जेवण झालेलं असेल तर त्याहूनही जास्त लागतो. म्हणून केस पेपरवर वेळ लिहिणं हे माझ्या लेखी रक्त काढण्याइतकंच मोठं काम आहे. शेवटचं कधी प्यायला, अपघात किती वाजता, पोलिसांनी कधी ताब्यात घेतलं, सुई कधी टोचली. यातली एक वेळ जरी गळली, तरी पुढे तज्ज्ञ साक्षीदाराला मागे मोजत जाता येत नाही.

वास आणि तोल

सामान्य माणसाला वाटतं की प्यायलेला ओळखायला मशीन कशाला हवं, दारात आला की कळतं. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरलाही ते कळतं. तरीही आम्हाला एक ठरावीक तपासणी करावी लागते. तोंडाला वास आहे का. डोळे लाल आहेत का, बाहुल्या कशा आहेत, उजेडाला कशा वागतात. बोलणं अडखळतं का. पाय जुळवून डोळे मिटून उभं राहिल्यावर माणूस झुलतो का. सरळ रेषेत चालून वळता येतं का. बोट नाकाच्या शेंड्याला लागतं का. सही नेहमीसारखी येते का. अमेरिकेत हेच काम पोलीस रस्त्याच्या कडेला करतात : रेषेवर चालून वळणं, एका पायावर उभं राहणं, आणि पेन डोळ्यांसमोरून फिरवून बुबुळं थरथरतात का ते पाहणं. आपल्याकडे हे काम डॉक्टरच्या वाट्याला आलं आहे.

या सगळ्यात एक सापळा आहे, आणि नव्या डॉक्टरांना मी तो पहिल्याच रात्री सांगत असे. साखर खूप खाली गेलेला मधुमेही अगदी प्यायल्यासारखा वागतो : घाम, बरळणं, झोकांड्या, चिडचिड. साखर बेसुमार वाढलेल्याच्या श्वासाला गोडसर वास येतो आणि हवालदार ‘मारलीये साहेब’ म्हणून मोकळा होतो. आणि अपघातात डोक्याला मार लागलेला माणूस, ज्याने दोन घोट घेतलेही असतील, त्याचं बरळणं दारूमुळे आहे की मेंदूतल्या रक्तस्रावामुळे हे वासावरून ठरत नाही. त्याला ‘शुद्धीवर येऊ दे’ म्हणून बाकावर झोपवलं तर तो सकाळ पाहत नाही. म्हणून आधी साखर, आधी डोकं, मग दारू.

न्यायालयांनीही वासावर विसंबायला नकार दिला आहे, आणि तो आताचा नाही. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईतल्याच एका मोटार अपघाताचं अपील होतं. डॉक्टरने साक्षीत सांगितलं होतं की तोंडाला वास होता, चाल अस्थिर होती, बोलणं असंबद्ध होतं, बाहुल्या विस्फारलेल्या होत्या. ऐकणारा कोणीही म्हणेल, आणखी काय हवं? पण लघवीची तपासणी झालेली नव्हती, आणि रक्त तपासणीला पाठवूनही त्याचा अहवाल सरकारपक्षाने न्यायालयात आणलाच नव्हता. एवढ्यावर माणूस प्यायलेला होता असं सिद्ध होत नाही, असं न्यायालय म्हणालं.

या निकालावर चिडणारे लोक मला भेटले आहेत. मी चिडत नाही. निरपराध मधुमेही तुरुंगात जाऊ नये यासाठी ती कडी तिथे हवीच. फक्त तिचा अर्थ असा की रात्री तीन वाजता सरकारी दवाखान्यात जे घडतं किंवा घडायचं राहतं, ते दहा वर्षांनी कोणताही मोठा वकील भरून काढू शकत नाही.

रस्त्यावरचं मशीन

नाकाबंदीत तोंडाशी धरतात ते मशीन रक्त पाहत नाही, श्वास पाहतं. फुप्फुसाच्या तळाशी रक्त आणि हवा अगदी पातळ पडद्यापलीकडे भेटतात आणि रक्तातलं अल्कोहोल ठरावीक प्रमाणात हवेत उतरतं. १ मिलिलिटर रक्तात जितकं, तितकंच २१०० मिलिलिटर खोल श्वासात, असं गुणोत्तर धरून मशीन हिशेब करतं. म्हणून तर ‘जोरात नको, लांब फुंक’ असं पोलीस सांगतात. तोंडातली वरवरची हवा उपयोगाची नसते. हे गुणोत्तर माणसागणिक थोडं कमीजास्त होतं. नुकताच घोट घेतला असेल, उलटी झाली असेल किंवा अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने चूळ भरली असेल, तर तोंडातलंच अल्कोहोल आकडा फुगवतं. त्यावर उपाय साधा आहे : पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा फुंकायला लावायचं.

मोटार वाहन कायदा इथे एक पायरी बांधतो. कलम २०३ खाली गणवेशातला पोलीस संशय आल्यास श्वासाची चाचणी घेतो, कलम २०४ खाली डॉक्टर रक्त घेतो, आणि चाचणी द्यायला सबळ कारणाशिवाय नकार देणाऱ्याचा तो नकार कलम २०५ खाली त्याच्याच विरुद्ध वापरता येतो. अटक झाल्यावर दोन तासांत ही वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, नाहीतर त्याला सोडावं लागतं. दोन तास ऐकायला पुष्कळ वाटतात. शनिवारच्या रात्री, जखमींच्या रांगेत, एकच डॉक्टर हजर असताना ते कसे उडून जातात हे मी सांगू शकते.

३० मिलिग्रॅमचा आकडा १९८८ च्या मूळ कायद्यात नव्हता. तेव्हा रक्तात ‘कितीही अल्प’ अल्कोहोल सापडलं तरी गुन्हा होता. १९९४ च्या दुरुस्तीने ३० ची रेष आली आणि तिच्याबरोबर ‘ब्रेथ अ‍ॅनालायझरने केलेल्या चाचणीत’ हे शब्दही आले. त्या शब्दांवर बोट ठेवून बचावाचे वकील विचारायचे, मशीन कुठे होतं? रक्त तपासलं, पण कायदा तर श्वास म्हणतो! २०१९ च्या दुरुस्तीने प्रयोगशाळेतल्या चाचणीसह इतर चाचण्यांचा स्पष्ट उल्लेख केला आणि ही फट बुजवली. त्याच दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजारांवरून दहा हजारांपर्यंत नेला, सहा महिन्यांपर्यंतची कैद तशीच राहिली. लंडनमध्ये राहणारे माझे भाचे सांगतात की तिथली रेष ८० मिलिग्रॅमची आहे. स्कॉटलंडने २०१४ पासून ती ५० वर आणली. आपली ३० ची रेष जगातल्या कडक रेषांपैकी आहे. रेष कडक असणं आणि ती पाळली जाणं यांत जे अंतर आहे, ते कार्टर रोडवर सात माणसांनी भरून दिलं.

महाराष्ट्रात आणखी एक रेष आहे, जी बाहेरच्या वकिलांना चक्रावून टाकते. दारूबंदी कायदा. मुंबई राज्याचा १९४९ चा हा कायदा आपल्याकडे अजून लागू आहे आणि त्याच्या कलम ६६ मध्ये ०.०५ टक्क्याचा आकडा आहे. रक्तात तेवढं सापडलं की ‘मी औषध घेतलं होतं’ हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर जातो. खोकल्याच्या औषधाची सबब त्या काळी इतकी चालायची की कायद्यालाच तिची दखल घ्यावी लागली.

पाच सी.सी. रक्त

आता माझ्या हातातलं काम. दारूबंदी कायद्याखाली रक्त कसं काढावं याचे नियम १९५९ सालचे आहेत, आणि माझ्या पिढीतले डॉक्टर त्यांच्याच वळणावर शिकले. सिरिंज पाण्यात उकळलेली. त्वचा निर्जंतुक पाण्याने पुसलेली. कोणत्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श नाही. शिरेतलं पाच सी.सी. रक्त. कुपीत रक्त गोठू न देणारं आणि ते टिकवणारं द्रव्य. कुपी नीट हलवायची, चिठ्ठी लावायची, लाखेने मोहोर करायची.

आता डिस्पोजेबल सिरिंज आली, उकळणं गेलं. पण स्पिरिटच्या बोळ्याचा मोह गेला नाही. हात सवयीने स्पिरिटकडेच जातो. दिवसाला पन्नास रुग्णांचं रक्त घेणाऱ्याचा हात तसा जाणारच. त्या बोळ्याने नमुन्यात पडणारी भर प्रत्यक्षात किरकोळही असेल. पण उलटतपासणीत ‘डॉक्टर, आपण त्वचा कशाने पुसली?’ हा प्रश्न आला आणि ‘स्पिरिट’ असं उत्तर गेलं, की तो नमुना तिथेच मेला.

कुपीतल्या पांढऱ्या पुडीचं महत्त्व याहून मोठं. पोटॅशियम ऑक्झलेट रक्त गोठू देत नाही आणि सोडियम फ्लोराइड ते टिकवतं. फ्लोराइड नसेल आणि नमुना उन्हाळ्यात टेबलावर पडून राहिला, तर रक्तातल्या साखरेवर जंतू आणि बुरशी काम करू लागतात आणि नमुन्यातच अल्कोहोल तयार होऊ शकतं. उलट झाकण सैल असेल तर असलेलं उडून जातं. म्हणजे निष्पाप माणूस अडकू शकतो आणि दोषी सुटूही शकतो. नमुना मुंबईत कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत पोचतो तेव्हा तिथला रासायनिक विश्लेषक आधी मोहोर पाहतो, ठशाच्या नमुन्याशी ताडून पाहतो, आणि मगच कुपी उघडतो. तिथली यंत्रं चांगली आहेत. यंत्रापर्यंत जाणारी वाट मात्र पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीतून जाते, आणि तिथे फ्रिज असेलच असं नाही.

‘माझी परवानगी नाही, रक्त देणार नाही,’ असं म्हणणारे बरेच येतात. अटकेतल्या आरोपीची वैद्यकीय तपासणी करवून घेण्याचा अधिकार पोलिसांना जुन्या फौजदारी संहितेच्या ५३ व्या कलमात आधीपासून होता. त्या तपासणीत रक्तही येतं हे स्पष्ट करणारी दुरुस्ती २३ जून २००६ ला लागू झाली, कार्टर रोडच्या अपघाताच्या पाच महिने आधी.

सहा महिने, तीन वर्षं

कार्टर रोडचा खटला विलक्षण वेगाने चालला. १३ एप्रिल २००७ ला, म्हणजे पाचच महिन्यांत, सत्र न्यायालयाचा निकाल आला. हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दल, भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ खाली, सहा महिने साधी कैद आणि पाच लाख रुपये दंड. जखमींबद्दल कलम ३३७ खाली पंधरा दिवस. सदोष मनुष्यवधाच्या, म्हणजे ३०४ च्या दुसऱ्या भागाच्या आरोपातून चालक सुटला.

सात जीव, सहा महिने. मुंबईत संताप उसळला. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, राज्य सरकारही अपिलात गेलं. ६ सप्टेंबर २००७ ला उच्च न्यायालयाने चित्र पालटलं : ३०४ चा दुसरा भाग सिद्ध, तीन वर्षं सक्तमजुरी, गंभीर दुखापतीच्या कलम ३३८ खाली एक वर्ष, ३३७ खाली सहा महिने.

३०४-अ आणि ३०४ चा दुसरा भाग यांतलं अंतर एका शब्दाचं आहे : जाणीव. पहिल्यात माणूस बेफिकीर असतो. दुसऱ्यात आपल्या कृत्याने कोणी मरू शकतं हे त्याला ठाऊक असतं, आणि तरी तो ते करतो. पहिल्याला कमाल दोन वर्षं, दुसऱ्याला कमाल दहा. पण जाणीव कुठल्या कुपीत मिळत नाही. ती परिस्थितीवरून ओळखावी लागते, आणि इथे ०.११२ कामाला आलं.

चालक सर्वोच्च न्यायालयात गेला. १२ जानेवारी २०१२ ला तिथल्या न्यायमूर्ती आर. एम. लोढा आणि न्यायमूर्ती जे. एस. खेहर यांच्या पीठाने निकाल दिला. चालकाच्या बाजूने मांडलेले दोन मुद्दे मला महत्त्वाचे वाटतात. पहिला असा, की एकाच अपघातासाठी सदोष मनुष्यवध आणि हयगयीने गंभीर दुखापत हे दोन आरोप एकमेकांना खोडतात. जाणीव होती म्हणायचं तर हयगय कशी, आणि हयगय होती म्हणायचं तर जाणीव कशी? न्यायालयाने हे मानलं नाही. बेदरकार कृत्य जाणिवेसहही होऊ शकतं. आपलं वागणं इतकं धोकादायक आहे की त्यातून मृत्यू येऊ शकतो हे समंजस माणसाला कळण्याजोगं असेल, तर ती जाणीव त्याच्या माथी मारता येते.

दुसरा मुद्दा दारूचा, आणि तो वाचताना माझ्या पोटात गोळा आला होता. दोषारोपात चालक प्यायलेल्या अवस्थेत होता असं लिहिलेलंच नव्हतं. आणि आरोपीला त्याच्याविरुद्धचा पुरावा समोर ठेवून विचारायचं असतं, त्या फौजदारी संहितेच्या कलम ३१३ च्या जबाबात दारूबद्दलचा पुरावा त्याच्यापुढे पूर्णपणे मांडलेला नव्हता. रक्त नीट काढलं, नीट तपासलं, आकडा आला, आणि तो आकडा कागदावर योग्य जागी लिहायचं राहून गेलं! एवढ्या मोठ्या खटल्यात. सर्वोच्च न्यायालयाने पाहिलं ते असं : या चुकीमुळे आरोपीवर अन्याय झाला का? आपल्याला कशाला तोंड द्यायचं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं का? अपघात झाल्याचं त्याने नाकारलं नव्हतं, गाडीच्या इंजिनातल्या बिघाडाचं कारण दिलं होतं, आणि ते कारण टिकलं नव्हतं. चुकीमुळे न्याय बिघडलेला नाही, असं म्हणून न्यायालयाने शिक्षा कायम केली.

नुकसानभरपाई दिली आहे, वय लहान आहे, ही विनंती शिक्षा कमी करायला पुरली नाही. उलट न्यायालयाने लिहिलं की या गुन्ह्याला तीन वर्षं फारच कमी आहेत. पण शिक्षा वाढवून मागण्यासाठी राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात आलंच नव्हतं, म्हणून ती वाढवता आली नाही.

हिल रोड

कार्टर रोडपासून हिल रोड फार लांब नाही. २८ सप्टेंबर २००२ ला, शनिवारच्या पहाटे, तिथल्या एका बेकरीबाहेर झोपलेल्या माणसांवर गाडी चढली. एक जण मेला, चौघे जखमी झाले. अभिनेते सलमान खान यांच्यावर खटला चालला. ६ मे २०१५ ला सत्र न्यायालयाने त्यांना सदोष मनुष्यवधासाठी पाच वर्षांची शिक्षा दिली. १० डिसेंबर २०१५ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना सर्व आरोपांतून निर्दोष मुक्त केलं. राज्याने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील केलं.

कोण खरं, कोण खोटं हे मी इथे ठरवत नाही. निर्दोष मुक्तता ही निर्दोष मुक्तताच. मी फक्त नमुन्याकडे पाहते. रिपोर्ट ६२ मिलिग्रॅमचा होता, म्हणजे रेषेच्या दुप्पट. पण रक्त जे. जे. रुग्णालयात काढलं गेलं ते त्या दिवशी दुपारी, अपघाताला दहा तासांहून जास्त वेळ उलटल्यावर. शनिवार गेला, रविवार गेला, आणि नमुना कलिन्याला पोचला तो सोमवारी. मधल्या काळात तो कुठे, कसा ठेवला होता, किती काढला आणि प्रयोगशाळेला किती मिळाला, यावर उलटतपासणी झाली आणि समाधानकारक उत्तरं मिळाली नाहीत. नमुना घेणं, ठेवणं आणि पाठवणं यांबद्दल उच्च न्यायालयाला शंका वाटली. आरोपी प्यायलेला होता आणि गाडी तोच चालवत होता, या दोन्ही गोष्टी संशयापलीकडे सिद्ध झाल्या नाहीत असं न्यायालयाने म्हटलं.

दोन खटल्यांत पुष्कळ फरक आहेत. साक्षीदार वेगळे, परिस्थिती वेगळी. कार्टर रोडवर गाडी कोण चालवत होतं हा वाद नव्हता. तरी रक्तापुरतं बोलायचं तर ११२ टिकला आणि ६२ टिकला नाही, आणि त्याचं कारण ११२ मोठा आहे हे नाही.

मग १९ मे २०२४ ची पहाट, पुण्याचं कल्याणीनगर. पोर्शे गाडी, अल्पवयीन चालक, दोन तरुण अभियंते ठार. निबंध लिहायला सांगणाऱ्या जामिनाची चर्चा देशभर झाली. मला त्याहून जिव्हारी लागला तो दुसरा आरोप : सरकारी रुग्णालयात रक्ताचा नमुनाच बदलला गेल्याचा. दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या नमुन्याशी डी.एन.ए. ताडून पाहिल्यावर हे उघड झालं, असं पोलिसांचं म्हणणं आहे. डॉक्टरांना अटक झाली. दोष सिद्ध व्हायचा तो न्यायालयात होईल. पण ज्या दिवशी ही बातमी आली त्या दिवशी माझ्या जुन्या सहकाऱ्यांपैकी तिघांचे फोन आले आणि तिघेही एकच बोलले : आपण घेतलेल्या प्रत्येक नमुन्याकडे आता लोक संशयाने पाहणार.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. आज कार्टर रोड घडला तर ३०४-अ च्या जागी कलम १०६ लागेल आणि कमाल शिक्षा दोन ऐवजी पाच वर्षं असेल. सदोष मनुष्यवध कलम १०५ मध्ये गेला आहे. शिक्षेचे आकडे बदलले, पण पुरावा अजून त्याच पाच सी.सी.त आहे. मी निवृत्त होण्याआधी आमच्या कॅज्युअल्टीच्या टेबलाच्या खणात एक डबा ठेवून दिला होता. त्यात फ्लोराइडच्या दोन कुप्या, निर्जंतुक पाणी, कोरडा कापूस, लाख, आगपेटी, आणि वर चिकटवलेला एक कागद : ‘स्पिरिट नाही. घड्याळ पाहा. वेळ लिहा. नंतर सही.’ गेल्या वर्षी कुणाला तरी भेटायला गेले तेव्हा खण उघडून पाहिला. कागद नवा होता, अक्षर कुणा दुसऱ्याचं होतं, मजकूर तोच होता.